पांढरं फक्त सकाळी

सत्यवतीबाई सोनकांबळे साडी एकदाच बघायच्या.

गिऱ्हाईक पिशवीतून साडी काढून काउंटरवर पसरायचं. त्या पदर हातात धरून उजेडाकडे करायच्या, उलटी बाजू बघायच्या, आणि घडी घालून साडी परत द्यायच्या. मग मागे वळून भिंतभर लावलेल्या ताग्यांतून एक ओढून काढायच्या. तो ब्लाउजचा रंग असायचा. साडी पुन्हा उघडून शेजारी ठेवायची त्यांना गरज पडत नसे. नवी गिऱ्हाइकं तरीही उघडून बघायची आणि जरा ओशाळून घडी घालायची. जुनी उघडायचीही नाहीत.

नल्लकुंट्याहून बरकतपुऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर लक्ष्मणराव शेळक्यांचं मॅचिंग सेंटर आहे. ब्लाउजपीस, अस्तर, फॉल, एवढंच तिथे मिळतं. शेळके मूळचे उदगीरकडचे शेतकरी, त्यांचे आजोबा निजामाच्या काळातच इकडे आले. घरात मराठी, दुकानात तेलुगू आणि रागावले की दखनी, असं लक्ष्मणरावांचं चालतं. सत्यवतीबाई देगलूरजवळच्या खेड्यातून लग्न होऊन हैदराबादला आल्या तेव्हा एकोणीस वर्षांच्या होत्या. नवरा तातेराव काचीगुड्याच्या एका विमा कचेरीत शिपाई होते. मलकपेठेत दोन खोल्या. आधी त्यांनी घरी बसून साड्यांना फॉल लावले. फॉल आणायला या दुकानात यायच्या, रंग सांगायच्या, आणि समोरच्याने चुकीचा दिला की न बोलता परत सरकवायच्या. लक्ष्मणरावांनी ते चार-पाचदा बघितलं आणि म्हणाले, "बाई, तुम्ही अलीकडून उभ्या राहण्यापेक्षा पलीकडून उभ्या राहा." त्याला बावीस वर्षं झाली.

रंगांची नावं त्या तिथेच शिकल्या. घरचा अबोली इथे कनकांबरम झाला, वांगी रंगाला वंकाय म्हणायचं, आणि कुणी नुसतंच "वो गाजर का, मगर गाजर नै" म्हटलं तरी काय काढायचं ते हाताला कळायला लागलं.

पांढऱ्याचं तेवढं निराळं होतं. मराठवाड्यातून आलेल्या बौद्ध घरांत नवरी पांढरी साडी नेसते. ती साडी घेऊन दुसऱ्या दुकानात गेलं की काउंटरवरचा माणूस आधी चेहऱ्याकडे बघतो आणि मग आवाज खाली आणून विचारतो, कुणासाठी. सत्यवतीबाईंच्या घरचीच ती रीत, त्यामुळे तिथे सांगावं लागत नसे. अंबरपेठ, मलकपेठ, पार उप्पलपासून बायका येत. दुकानात पांढऱ्याचे अकरा तागे होते. एक सायीसारखा, एक खडूसारखा, एकाला नीळ जास्त झाल्यासारखी, एक मोत्याच्या पोटासारखा. एकात गुलाबीची इतकी कमी झाक होती की ती फक्त उन्हात कळायची. ट्यूबलाइटखाली अकराही भाऊभाऊ.

तातेराव गेले त्याला चौदा महिने झाले होते. रविवारी सकाळी दाढी करून बसले होते, छातीत दुखतं म्हणाले, रिक्षा येईपर्यंत संपलं होतं. सत्यवतीबाई रडल्या नाहीत. रडायचं ठरवून बसल्या तरी आलं नाही. सहाव्या दिवशी कामावर आल्या. भेटायला येणाऱ्या बायका म्हणायच्या, "ताई, डोळ्यांसमोरून जात नसतील." त्या म्हणायच्या, "नाही जात." खरं तर तातेराव डोळ्यांसमोर येतच नव्हते. मुद्दाम आठवायला गेलं की आधार कार्डावरचा फोटो आठवायचा. त्याखेरीज डोळे मिटले की काळं, आणि कधी कधी त्यात दिवसभर फाडलेल्या कापडांचे पट्टे.

फेब्रुवारीतल्या एका सोमवारी विमलाबाई जोंधळे बाराच्या सुमाराला दुकानात आल्या. अंबरपेठेत राहणाऱ्या, एका सरकारी कचेरीत क्लार्क. त्यांच्या मुलीचं, स्वप्नाचं लग्न रविवारी होतं.

"जयभीम, सत्यवतीबाई. हीच साडी. बघून घ्या, मला पदराला गोंडे लावायला टाकायचीय."

सत्यवतीबाईंनी साडी दारापाशी नेली, बघितली, घडी घालून परत दिली. पांढरे तागे माळ्यावर होते. "खाली काढून घेते. चारला या, फाडून ठेवते."

दोन वाजता एका घरच्या सात बायका आल्या. लग्नाला सगळ्यांनी लाल नेसायचं ठरवलेलं, आणि सातही जणींचा लाल वेगळा. कुणाचा कुंकवाचा, कुणाचा वाळल्या मिरचीचा, एकीचा टोमॅटोचा. त्यातल्या दोघी मध्येच भांडल्या, कारण एकीचा लाल दुसरीपेक्षा महाग दिसत होता. सातवा तुकडा फाडून होतो आहे तोच विमलाबाई दारात आल्या. "झालं का? मला बस गाठायचीय."

सत्यवतीबाई तशाच मागे वळल्या. तागे खाली आलेले होते. साडीचा पांढरा त्यांच्या डोक्यात होता, दुपारी बाराचा, स्वच्छ. पण जो तागा तसा असायला हवा होता तो हातात घेतला तर शेवाळल्यासारखा वाटला. तो त्यांनी बाजूला ठेवला. पुढचाही तसाच. मग एक असा मिळाला की डोक्यातल्या साडीशी बरोबर बसला. त्यांनी मीटरभर फाडला आणि पिशवीत घालून दिला. विमलाबाईंनी पिशवी उघडली नाही. सत्यवतीबाईंनी काढलेलं उघडून बघणं म्हणजे त्यांच्या तोंडावर अविश्वास दाखवणं होतं.

गुरुवारी संध्याकाळी पाच वाजता विमलाबाई परत आल्या. त्यांनी साडी आणि शिवलेलं पोलकं दोन्ही काउंटरवर टाकलं.

"टेलर म्हणायलाय, अम्मा, ये गुलाबी कायकू लाए? मी म्हटलं, गुलाबी कुठंय, सत्यवतीबाईनं काढलंय. त्यानं रस्त्यावर नेऊन दाखवलं. आता तुम्ही दाखवा मला, ह्याच्यात पांढरं कुठंय ते."

लक्ष्मणरावांनी पोलकं दारात नेलं. बाहेर अजून थोडा उजेड होता. साडीवर ठेवल्यावर पोलकं लाजल्यासारखं दिसत होतं.

"बाई, हे तुम्ही काढलं?"

"हो."

"तुम्हीच?"

"मीच काढलं."

"माझ्या पोरीचं लग्न हाय रविवारी," विमलाबाई म्हणाल्या. "सगळे मंडपात म्हणतील, आईला पांढरं कळंना. टेलर उद्या अकरापर्यंत कापड द्या म्हणायलाय, संध्याकाळी शिवून देऊन तो गावाला चाललाय. आत्ता काढून द्या दुसरं."

लक्ष्मणरावांनी स्वतःच एक तागा ओढला, साडीशेजारी धरला. "हा घ्या, डिट्टो."

"तुम्हाला सगळेच डिट्टो दिसायलेत, शेठ."

सत्यवतीबाई त्या दिवशीही दुपारपासून लालातच होत्या. त्या पांढऱ्या गठ्ठ्याकडे वळल्या. मधोमध एक हिरवट डाग होता. त्यांनी नजर उजवीकडच्या ताग्यावर नेली, डागही तिकडे गेला. खालच्या ताग्याकडे बघितलं, डाग खाली उतरला. कापडावर काही नव्हतं. डाग त्यांच्याबरोबर फिरत होता. असे डाग त्यांना अधूनमधून दिसत आले होते, पण त्यांनी त्यांची कधी दखल घेतली नव्हती, जशी कुणी पंख्याच्या आवाजाची घेत नाही. सोमवारी कोणता तागा का बाजूला ठेवला ते त्यांना तेव्हा कळलं.

"आत्ता नाही," त्या म्हणाल्या. "उद्या सकाळी काढते."

"सकाळी म्हणजे? आत्ता काय धाड भरलीय?" लक्ष्मणराव म्हणाले.

"आत्ता मला पांढरं दिसत नाही."

"मग काय दिसायलंय?" विमलाबाईंनी विचारलं.

"हिरवं."

"ऐका शेठ. पांढऱ्याला हिरवं म्हणायल्यात. अशा माणसाला काउंटरला ठेवलंय तुम्ही."

शेवटी साडेनवाचं ठरलं. लक्ष्मणराव नेहमीपेक्षा तासभर आधी शटर उघडणार. विमलाबाई साडी घेऊन, कुणाचाही निरोप न घेता गेल्या. त्या गेल्यावर लक्ष्मणराव थोडा वेळ कात्री पुसत राहिले.

"बाई, बाजारात मशीन आलंय. कापडाला टेकवलं की रंगाचा नंबर सांगतं. सेल्समन दोन महिने मागे लागलाय, मीच नक्को म्हणत होतो. उद्या चुकलं तर मी ते घेतो. तुम्ही फॉलकडे बसा."

"बरं," त्या म्हणाल्या.

फॉलकडे म्हणजे मागच्या कोपऱ्यात. तिथे पाकिटावर नंबर छापलेला असतो, तो वाचून पाकीट द्यायचं. तिथे कुणी नाव घेऊन विचारत येत नाही. गेल्या चौदा महिन्यांत दिवसभरात लोक त्यांना जे जे विचारायचे त्यातल्या फक्त एका गोष्टीचं उत्तर त्यांच्याकडे असायचं, आणि ते या काउंटरवर.

त्यांची मुलगी प्रियदर्शिनी डोळे तपासण्याचं शिकते, ऑप्टोमेट्रीच्या शेवटच्या वर्षाला आहे. त्या रात्री सत्यवतीबाई भाकरीचं पीठ मळत होत्या, ती ओट्याला टेकून ऐकत होती. झालेलं सगळं त्यांनी तिला सांगितलं, जसं दुसऱ्याचं सांगावं तसं.

"आई, दिसायला त्रास आहे का? अंधुक? दोन-दोन?"

"नाही."

"डाग किती वेळ राहतो?"

"थोडा वेळ. मग जातो."

प्रियदर्शिनीने आईला दिव्याखाली नेऊन दोन्ही डोळे तपासले, बोटं मोजायला लावली, बाजूने पेन आणून दाखवलं. "हॉस्पिटलला एकदा नीट बघू. पण मला नाही वाटत डोळा खराब आहे. ये, बस." तिने लोणच्याच्या बरणीचं लाल झाकण काढून वर्तमानपत्रावर ठेवलं. "याच्या मधे बघ. हलायचं नाही. मी तीसपर्यंत मोजते." मोजून झाल्यावर म्हणाली, "आता भिंतीकडे बघ."

भिंतीवर एक गोल उगवला. फिकट, हिरवा-निळसर, कडा जरा थरथरणारी.

"हाच," सत्यवतीबाई म्हणाल्या.

"आता तळहाताकडे बघ."

तळहातावर गोल लहान झाला, रुपयाएवढा. पुन्हा भिंतीकडे बघितलं तर परत मोठा.

"मोठा-लहान कसा होतो?"

"तो होत नाही. डोळ्याच्या आतल्या पडद्यावर झाकणाची जागा तेवढीच आहे. तिथल्या लाल बघणाऱ्या पेशी दमल्यात. मेंदूला वाटतं, ही वस्तू बाहेर आहे. भिंत लांब आहे, म्हणजे वस्तू मोठी असणार. हात जवळ आहे, म्हणजे लहान असणार. तो आपला हिशेब करून दाखवतो तुला."

"आणि हिरवा का? झाकण लाल होतं."

"डोळ्याकडून मेंदूला नुसतं लाल असं कळवलं जात नाही. लाल जास्त की हिरवं जास्त, अशी तुलना जाते. तराजू समज. पांढऱ्यात दोन्ही सारखं असतं, काटा मधे. पण तू दोन तास लाल बघितलंस, लालचं पारडं दमलं. मग पांढरं समोर आलं तरी काटा हिरव्याकडे झुकतो, आणि मेंदू काट्यावर विश्वास ठेवतो. लालसर पांढरं असलं तर काटा बरोबर मधे येतो. म्हणून तुला तेच खरं वाटलं."

सत्यवतीबाईंनी भाकरी तव्यावर टाकली. "म्हणजे डोळा खोटं बोलतो."

"खोटं नाही गं. डोळा म्हणतो मी दमलो, मेंदू त्याचा रंग करतो. किती डोळ्यात होतं नि किती मेंदूत, त्यावर अजून वाद आहे, आमचे सरसुद्धा पक्कं सांगत नाहीत. पण आई, बावीस वर्षं तू लाल फाडतेस, पांढरं फाडतेस. आधी कसं नाही चुकलं? मधे ब्रेक घ्यायचीस का?"

सत्यवतीबाई भाकरी उलटायच्या थांबल्या.

तातेराव दुपारचं टपाल वाटायला काचीगुड्याहून नल्लकुंट्यापर्यंत यायचे. साडेतीनला दुकानासमोर उभे राहायचे, हाक मारायचे नाहीत. त्या बाहेर यायच्या. कोपऱ्यावरच्या हॉटेलच्या बाकावर दोघं चहा घ्यायची, वीस मिनिटं, समोरच्या रस्त्याकडे बघत. बोलणं फारसं नसायचं. बस भरून गेली, ऊन वाढलं, असलं काहीतरी. निवृत्त झाल्यावरही ते मलकपेठेहून बसने येत राहिले. तो चहा कशासाठी होता असं कुणी विचारलं असतं तर दोघांनाही सांगता आलं नसतं.

"घ्यायचे," त्या म्हणाल्या. "तुझे पप्पा यायचे ना. आता नाही जात."

भाकरीला एका बाजूने काळा डाग पडला.

थोड्या वेळाने सत्यवतीबाईंनी विचारलं, "माणसाचं राहतं का असं? बघितलेल्या?"

"एकटक बघावं लागतं, आई. न हलता."

"एवढं कोण बघत बसतं," त्या म्हणाल्या, आणि दुसरी भाकरी थापायला घेतली.

शुक्रवारी नऊ वाजता त्या बसमधून उतरल्या तेव्हा लक्ष्मणराव शटर अर्धं उघडून उभे होते. आतले दिवे लावायला निघाले तर त्या म्हणाल्या, "दिवे नको. पांढरे तागे तेवढे बाहेर द्या." फूटपाथवर स्टूल ठेवलं, त्यावर धुतलेलं पातळ पसरलं. विमलाबाई आल्या, साडी दिली, आणि नेहमीप्रमाणे परत घ्यायला हात पुढे करून उभ्या राहिल्या.

"राहू द्या," सत्यवतीबाई म्हणाल्या. "शेजारी ठेवून बघायचंय."

लक्ष्मणरावांनी त्यांच्याकडे बघितलं. बावीस वर्षांत हे वाक्य त्यांनी ऐकलं नव्हतं.

सत्यवतीबाईंनी साडी स्टुलावर उलगडली. एकेक तागा शेजारी आणला, थोडा वेळ धरला, खाली ठेवला. पाच पहिल्या फेरीत गेले. गुलाबी झाकीचा त्यांनी स्वतःच उचलून विमलाबाईंना दाखवला. "सोमवारी हा दिला होता. लाल बघून सरळ पांढऱ्याकडे वळले. मधे थांबायला हवं होतं. चूक माझी."

"दिसायलंय आता," विमलाबाई म्हणाल्या. आवाज अजून उतरला नव्हता.

शेवटी दोन राहिले, खडूसारखा आणि मोत्यासारखा. सत्यवतीबाईंनी डोळे मिटले, वाहनं जात होती ती ऐकत उभ्या राहिल्या, मग उघडले. मोत्यासारखा साडीवर ठेवला तर त्याची कड दिसत होती. खडूचा ठेवला तर कुठे साडी संपली ते बोटाने चाचपावं लागलं.

"हा."

या वेळी विमलाबाईंनी तपासलं. फाडलेला तुकडा उन्हात धरला, सावलीत धरला, साडीच्या उलट्या बाजूला लावला, नखाने खरवडून बघितला. सत्यवतीबाई दुसरं टोक धरून उभ्या होत्या. वीस वर्षांपूर्वी कुणी असं केलं असतं तर त्यांना राग आला असता. आता त्यांना टोक ताठ धरायचं तेवढं कळत होतं.

"आहे," विमलाबाई म्हणाल्या. घड्याळ बघितलं, रिक्षाला हात केला, आणि बसता बसता वळून म्हणाल्या, "रविवारी या. पोरीला घेऊन या. आला नाहीत तर मी समजेन की हे पण गुलाबी हाय."

लक्ष्मणराव हसले. रिक्षा गेल्यावर तागे आत नेता नेता म्हणाले, "मग मशीनवाल्याला काय सांगू?"

"तुम्ही ठरवा. पण मी काउंटरला राहिले तर पांढरं फक्त सकाळी. लाल उघडायच्या आधी. दुपारनंतर मी पांढरं काढणार नाही."

"गिऱ्हाईक थांबतंय होय? त्यांना बाजूच्या गल्लीत चार दुकानं आहेत."

"जातील तर जातील."

"वा. मालक कोण आहे इथे?"

"तुम्ही," त्या म्हणाल्या. "चुकलं तर मात्र मला बोलता."

लक्ष्मणरावांनी मशीन घेतलं नाही. म्हणजे अजून तरी घेतलेलं नाही.

रविवारी सत्यवतीबाई प्रियदर्शिनीला घेऊन लग्नाला गेल्या. हॉलमध्ये मोठे पांढरे दिवे होते. स्वप्ना पांढऱ्या साडीत बसली होती आणि तिचं पोलकं कुणाच्याही नजरेत आलं नाही, यापेक्षा जास्त त्या कामात काही व्हायचं नसतं. जेवताना कुणीतरी त्यांना सांगितलं की तुम्ही वाळल्या. "असेन," त्या म्हणाल्या. पुढच्या आठवड्यात प्रियदर्शिनीने हॉस्पिटलला नेलं, तिथेही डोळ्यात दोष निघाला नाही. दुपारी चहाला बाहेर जातेस का, असं तिने दोनतीनदा विचारलं. एकटीने काय जायचं, एवढंच उत्तर मिळालं.

आता साडी त्या एकदा बघून लगेच परत देत नाहीत. कुठल्याही रंगाची असो, काउंटरवरच पसरून ठेवतात आणि तागा शेजारी आणतात, शहरातल्या सगळ्या मॅचिंगवाल्यांसारखं. त्याने वेळ जातो. जुन्या बायका क्षणभर थबकतात, मग त्याही वाकून बघायला लागतात.

एप्रिलमध्ये एक मुलगी दुपारी चार वाजता आली, गाडीची चावी बोटात फिरवत. पांढरी साडी होती. तिच्याच लग्नाची, तिने आपणहून सांगितलं, जोरात. काउंटरवर तेव्हा डाळिंबी रंगाचा ढीग पडलेला होता.

"पांढरं सकाळी मिळेल, अम्मा," लक्ष्मणराव म्हणाले. "साडेदहाला या. बाई बघून देतील."

"सकाळी मला ऑफिस आहे. सामने तो पडा है, वही दे दो ना, अंकल. दो मिनिट का काम."

लक्ष्मणरावांनी सत्यवतीबाईंकडे बघितलं. त्यांनी गठ्ठ्याकडे एकदा नजर टाकली. डाग होता.

"उद्या," त्या म्हणाल्या.

मुलीने जीभ टाळ्याला लावून च्च केलं आणि ती बाजूच्या गल्लीकडे वळली. ती दिसेनाशी होईपर्यंत लक्ष्मणराव दारात उभे होते. सत्यवतीबाईंनी तिला हाक मारली नाही. त्यांनी डाळिंबीचा पुढचा तागा ओढला आणि मीटर मोजायला घेतलं.